एसआय५३५१ मधून क्लॉक निघत नाही, किंवा भलताच निघतो: तपासणी कुठून सुरू करायची

एसआय५३५१ए ही क्लॉक जनरेटर चिप (हव्या त्या वारंवारतेची चौकोनी लहर, म्हणजे क्लॉक, तयार करणारी) बसवलेली मोड्यूलं माझ्याकडे बहुतेक एकाच तक्रारीने येतात: "चिप उडालीये, बदलून द्या." आतापर्यंत अशी तीस-पस्तीस मोड्यूलं हाताखालून गेली. खरोखर उडालेल्या चिपा त्यात बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या ठणठणीत होत्या. कुठे वीज एका पायापर्यंत पोचत नव्हती, कुठे प्रोग्रामनेच आउटपुट बंद ठेवलं होतं. कॉलेजची मुलं दोन-दोन चिपा बदलतात, बदलताना बोर्डावरचे पॅड उचलले जातात, आणि शेवटी दोष प्रोग्राममधल्या एका आकड्यात निघतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

चिप मूळची सिलिकॉन लॅब्जची. २०२१ मध्ये त्यांचा टायमिंगचा व्यवसाय स्कायवर्क्सकडे गेला, पण बोलण्यात नाव तेच राहिलं. आपल्याकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींना ती बिटएक्स-४० आणि मायक्रोबिटएक्स या रेडिओ संचांमुळे चांगली माहीत आहे. मी इथे दहा पायांच्या, तीन आउटपुटांच्या प्रकाराबद्दल बोलतोय. रजिस्टरांचे, म्हणजे चिपच्या आतल्या आकडे ठेवायच्या खणांचे, सगळे आकडे दशमानात दिलेत. हेक्समध्ये हवे असतील तर मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने बदलून घ्या.

लक्षणं

आधी तुमची तक्रार नेमकी कोणती ते ठरवा, कारण "चालत नाही" या एका शब्दात सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात.

तिन्ही आउटपुटं मुकी: वीज, पत्ता (प्रोग्राम चिपला ज्या आकड्याने हाक मारतो तो) किंवा क्रिस्टल.

एकच आउटपुट मुकं, बाकीची बरी: जवळजवळ नेहमी रजिस्टर. क्वचित सोल्डर.

आउटपुट आहे पण वारंवारता ठरावीक प्रमाणात चुकलेली, उदाहरणार्थ ७.००० मागितले आणि ७.५६० मेगाहर्ट्झ आले: क्रिस्टलचा आकडा.

शे-दोनशे हर्ट्झची चूक: क्रिस्टलचं लोड (त्याला जोडलेली धारिता) आणि दुरुस्तीचा आकडा.

एक आउटपुट बदललं की दुसरं हलतं: दोन्ही एकाच पीएलएलवर (चिपच्या आतल्या वारंवारता गुणणाऱ्या विभागावर) आहेत.

तासभर छान चालतं आणि मग एकदम गप्प होतं, अर्डुइनो (चिपला आज्ञा देणारा छोटा बोर्ड) मात्र चालूच: विजेचा झोका. हा सगळ्यात छळणारा प्रकार, त्यावर खाली जास्त लिहिलंय.

आत काय चालतं

शेतातल्या पाण्याशी ताडून बघा. क्रिस्टल म्हणजे विहीर. २५ किंवा २७ मेगाहर्ट्झ. त्यावर दोन पीएलएल, म्हणजे दोन मोटारी. प्रत्येक पीएलएल क्रिस्टलच्या वारंवारतेला १५ ते ९० पटींनी गुणून आतला ऑसिलेटर ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान फिरवतो. तिथून प्रत्येक आउटपुटाचा स्वतःचा भागाकार करणारा विभाग, मल्टिसिंथ, ती वारंवारता हवी तितकी खाली आणतो. कमी वारंवारता हवी असेल तर पुढे आणखी एक भाजक असतो, १ पासून १२८ पर्यंत दुपटी-दुपटीने. सगळ्यात शेवटी आउटपुटाचा ड्रायव्हर, आणि त्याला स्वतंत्र वीज.

वाफ्यात पाणी आलं नाही म्हणून कुणी लगेच विहीर खोदायला घेत नाही. आधी दारं कुठं मोडलंय ते बघतो. इथेही तसंच, फक्त दारं तीन-चार आहेत आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिली तपासणी: मल्टिमीटर आणि भिंग

चिपचा १ नंबरचा पाय मुख्य विजेचा, ७ नंबरचा पाय आउटपुटांच्या विजेचा, ८ ग्राउंड. १ आणि ७ दोन्हींवर थेट पायावर टोक टेकवून व्होल्टेज मोजा, मोड्यूलच्या कडेच्या पिनेवर नाही. मुख्य पायाला २.५ किंवा ३.३ व्होल्ट लागतात. आउटपुटाचा पाय १.८, २.५ किंवा ३.३ वर चालतो. बहुतेक मोड्यूलांवर दोन्हीकडे ३.३ च असतात.

पायावरच मोजायचा आग्रह का, ते सांगतो. ७ नंबरच्या पायाला वीज नसेल तर चिप सगळं ऐकते, सगळ्याला उत्तर देते, रजिस्टरं बरोबर वाचून दाखवते, आणि तरी एकाही आउटपुटावर हू की चू नाही. एका पॉलिटेक्निकच्या मुलाने आणलेलं मोड्यूल असंच होतं. प्रोग्राम बिनचूक, आकडे बिनचूक. दहापट भिंगाखाली धरलं तेव्हा सातवा पाय पॅडच्या केसभर वर तरंगताना दिसला. खाली सोल्डर होतं, पण पायाला चिकटलेलं नव्हतं. टूथपिकने पाय हलकेच दाबला की काउंटरवर ७.१०० उमटायचं, सोडला की शून्य. फ्लक्सचा एक ठिपका आणि बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, दोन सेकंदांचं काम. त्याआधी त्याने पंधरा दिवस प्रोग्राम धुंडाळला होता.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. या चिपला विजेच्या पायावर आणि आय-टू-सीच्या (प्रोग्राम चिपशी ज्यावर बोलतो त्या एसडीए आणि एससीएल या) दोन्ही तारांवर ३.८ व्होल्टच्या वर सहन होत नाही. तुमच्या मोड्यूलवर रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर असेल तर ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोला जोडायला हरकत नाही. नसेल, आणि एसडीए-एससीएलचे पुल-अप रेझिस्टर (तार एरवी वर ओढून धरणारे) ५ व्होल्टला बांधलेले असतील, तर ते आधी काढा. चिप त्या क्षणी मरेलच असं नाही, पण तुम्ही तिच्या मर्यादेबाहेर काम करून घेताय. माझ्याकडे आलेल्या खऱ्या मेलेल्या चिपा बहुतेक याच वाटेने गेल्या होत्या.

दुसरी तपासणी: आउटपुट खरंच नाही का?

स्कोप नसला तरी हे कळतं. चौकोनी लहर अर्धा वेळ शून्यावर आणि अर्धा वेळ ३.३ वर असते, म्हणून साधा मल्टिमीटर डीसीवर ठेवून आउटपुटाच्या पायावर टेकवला तर सरासरी, म्हणजे सुमारे १.६५ व्होल्ट दाखवतो. दीड ते पावणेदोनच्या मध्ये कुठेही आकडा आला तर तिथे क्लॉक आहे. शून्य आलं तर आउटपुट खाली बसलंय, ३.३ आलं तर वर अडकलंय. फक्त एक लक्षात ठेवा: काही बोर्डांवर आउटपुटाच्या वाटेत कपॅसिटर असतो. त्याच्या पलीकडे मोजलं तर शून्यच दिसणार. कपॅसिटरच्या अलीकडे, चिपच्या पायावर मोजा.

दुसरा मार्ग घरातल्या रेडिओचा. आउटपुट ९९९ किलोहर्ट्झवर लावा, त्याला वीतभर वायर जोडा, आणि मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवून ९९९ वर आणा. क्लॉक येत असेल तर रेडिओची खरखर त्या जागी एकदम बसते, काटा पुढे सरकवला की परत येते. मी आजही नव्या माणसाला आधी हेच करून दाखवतो, कारण कानाने एकदा खात्री पटली की माणूस उगाच चिपवर संशय घेत नाही.

स्कोप असेल तर प्रोब १० पटीवर ठेवा आणि ग्राउंडची वायर शक्य तितकी आखूड घ्या. लांब ग्राउंड वायरने चौकोनी लहरीच्या कडेला जे उसळे दिसतात ते मोजणीचे असतात, चिपचे नाहीत. त्या उसळ्यांवर "आउटपुट खराब आहे" असा निकाल लावू नका.

तिसरी: चिप हाकेला ओ देते का?

आय-टू-सी स्कॅनरचा, म्हणजे तारांवर कुठल्या पत्त्याची चिप आहे ते शोधणारा, छोटा प्रोग्राम चालवा. दहा पायांच्या चिपचा पत्ता ९६, हेक्समध्ये सहा-शून्य. वीस पायांच्या प्रकारात पत्त्याचा एक पाय असतो, त्यामुळे तिथे ९७ सुद्धा मिळू शकतो. दुसराच एखादा पत्ता सापडला तर तोच प्रोग्राममध्ये लिहा आणि पुढे चला. पत्ता वेगळा म्हणजे चिप बिघडली असं नाही.

काहीच सापडलं नाही तर क्रमाने: दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एक आहे का, एसडीए आणि एससीएल उलट लागलेत का (उनोवर ए४ ही एसडीए, ए५ ही एससीएल), आणि काही बोलणं चालू नसताना दोन्ही तारांवर ३.३ व्होल्ट स्थिर आहेत का. एखादी तार सतत शून्यावर असेल तर ती कुठेतरी ग्राउंडला चिकटलीय. दोन्ही तारा अधांतरी असतील तर पुल-अप नाहीत, ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा. इथपर्यंतचा खर्च चहाच्या एका कपापेक्षा कमी.

चौथी: क्रिस्टलचा आकडा आणि एकक

क्रिस्टलच्या टोपीवर २५.००० लिहिलंय की २७.०००, ते उजेडात धरून वाचा. प्रोग्राम २५ धरून लिहिला आणि बोर्डावर २७ चा क्रिस्टल निघाला, तर ७ मेगाहर्ट्झच्या जागी ७.५६ येतात. उलट झालं तर ६.४८१. मिळालेली वारंवारता भागिले मागितलेली वारंवारता करा. उत्तर १.०८ किंवा ०.९२६ आलं की पुढचं काही तपासायची गरज नाही, एक आकडा बदला.

इथरकिटची लायब्ररी (अर्डुइनोवरून ही चिप चालवायचा तयार कोड) वापरणाऱ्यांसाठी: तिला वारंवारता हर्ट्झच्या शंभराव्या भागात द्यावी लागते. ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे ७१ कोटी. ७१ लाख दिलेत तर ७१ किलोहर्ट्झ निघतात, आणि ७.१ वर कान लावून बसलेल्याला वाटतं की आउटपुटच नाही. त्याच कारणाने हा आकडा ३२ बिटांच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवू नका, त्यात ४२.९४ मेगाहर्ट्झपर्यंतचंच मावतं, पुढे तो उलटतो.

पाचवी: चिपलाच विचारा

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळी तपासणी याच्यावर उभी आहे. चिप वाचताही येते. आपण काय लिहिलं यापेक्षा तिच्यात आत्ता काय आहे ते महत्त्वाचं. दहा ओळींचा प्रोग्राम लिहा: ०, ३, १६, १७, १८ ही रजिस्टरं वाचा आणि पडद्यावर छापा.

रजिस्टर ० ही चिपची तब्येत. सगळ्यात डावीकडचा बिट ७ लागलेला असेल तर चिप अजून सुरू होतेय; तो उतरेपर्यंत काही लिहू नका. वीज आल्याबरोबर लगेच आज्ञा सोडणाऱ्या प्रोग्रामांत नेमकी हीच गफलत असते आणि दोष कधी येतो, कधी येत नाही. बिट ५ म्हणजे पहिला पीएलएल कुलूपबंद (लॉक, म्हणजे स्थिर) झालेला नाही, बिट ६ म्हणजे दुसरा. जो पीएलएल तुम्ही वापरतच नाही त्याचा बिट लागलेला दिसला तर दुर्लक्ष करा. बिट ३ क्रिस्टलचा सिग्नल नसल्याचं सांगतो. तो लागलेला असेल तर सरळ खालच्या क्रिस्टलच्या तपासणीकडे जा.

सहावी: दारं

रजिस्टर ३ मध्ये प्रत्येक आउटपुटाला एक बिट. आणि तो उलटा आहे: ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद. मराठीत काय, जगातल्या कुठल्याही भाषेत विचार करणारा माणूस १ ला चालू समजतो, म्हणून ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. फक्त पहिलं आउटपुट चालू हवं तर इथे २५४ लागतात. तिन्ही चालू हवी तर २४८. कुणी भाबडेपणाने १ लिहिला तर नेमकं पहिलंच बंद होतं आणि बाकीची उघडतात.

पुढचं दार रजिस्टर १६, पहिल्या आउटपुटाचं; १७ आणि १८ पुढच्या दोघांची. पूर्णांक भाजकाने चालणाऱ्या आउटपुटासाठी मी इथे ७९ लिहितो. ७९ फोडून बघितला की चिप आउटपुटावर कसा ताबा ठेवते ते सगळं समजतं. बिट ७ शून्य आहे, म्हणजे ड्रायव्हर जागा आहे. १ असता तर तो विभाग झोपवलेला असता आणि रजिस्टर ३ मध्ये कितीही चालू म्हटलं तरी काही निघालं नसतं. बिट ६ एक आहे, भाजक पूर्णांक आणि सम आहे. बिट ५ शून्य, म्हणजे पहिल्या पीएलएलवरून. दुसरा हवा तर इथे एक. बिट ४ शून्य, लहर उलटवलेली नाही. बिट ३ आणि २ दोन्ही एक, म्हणजे स्वतःच्या मल्टिसिंथमधून. शेवटचे दोन बिट ड्रायव्हरची ताकद: दोन्ही शून्य असतील तर २ मिलिअँपिअर, दोन्ही एक असतील तर ८.

वाचल्यावर १२८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर उत्तर मिळालं, ते आउटपुट झोपलेलं आहे. बिट ३ आणि २ शून्य असतील तर तुम्ही मल्टिसिंथला नाही तर क्रिस्टललाच आउटपुटाशी जोडलंय, मग भागाकार कितीही बदला, बाहेर तेच २५ मेगाहर्ट्झ.

बंद केलेलं आउटपुट शून्यावर राहील, वर राहील की अधांतरी, हे रजिस्टर २४ ठरवतं. पुढच्या मिक्सरला अधांतरी तार चालत नसेल तर हे बघून घ्या, एरवी सोडून द्या.

सातवी: गणित

वरचं सगळं बरोबर असूनही पीएलएल कुलूपबंद होत नसेल किंवा वारंवारता वेडीवाकडी असेल तर कागद-पेन घ्या. ७.१ मेगाहर्ट्झ हवेत. भाजक १२० घेतला, कारण ७.१ गुणिले १२० म्हणजे ८५२, आणि ८५२ हे ६०० ते ९०० च्या आत बसतात. ८५२ भागिले २५ म्हणजे ३४.०८, म्हणजेच ३४ पूर्णांक २ छेद २५.

चिपला हा अपूर्णांक थेट समजत नाही, तीन आकड्यांत द्यावा लागतो. पहिला: १२८ गुणिले ३४, अधिक १२८ गुणिले २ छेद २५ चा पूर्ण भाग (१०), वजा ५१२, उत्तर ३८५०. दुसरा: १२८ गुणिले २, वजा २५ गुणिले १०, उत्तर ६. तिसरा म्हणजे छेद, २५. हे तीन आकडे रजिस्टर २६ ते ३३ मध्ये विभागून जातात: २७ मध्ये २५, २९ मध्ये १५, ३० मध्ये १०, ३३ मध्ये ६, बाकी शून्य. भाजक १२० चे याच सूत्राने १४८४८, ० आणि १. ते ४२ ते ४९ मध्ये: ४३ मध्ये १, ४५ मध्ये ५८, बाकी शून्य. तुमच्या प्रोग्रामने लिहिलेलं वाचून या आकड्यांशी ताडा. जिथे फरक पडेल तिथेच चूक.

उनोवर एक खास खड्डा आहे. तिथे साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, ३२७६७ च्या वर जात नाही. १२८ गुणिले भाजक हे २५६ पासून पुढे त्यात मावत नाही. म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला भाजक १२० असल्याने प्रोग्राम चालतो, आणि १ मेगाहर्ट्झला भाजक ७०० झाला की कोसळतो. तोच प्रोग्राम ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर नीट चालतो, आणि दोष उनोच्या बोर्डावर ढकलला जातो. चल ३२ बिटांचं करा. दशांशाच्या चलावरही भरवसा नको. उनोवर त्यात सहा-सातच आकडे विश्वासाचे असतात, ७१ लाख हर्ट्झमध्ये शेवटचा आकडा तिथेच घरंगळतो.

पीएलएलचे आकडे बदलल्यावर रजिस्टर १७७ मध्ये १६० लिहून दोन्ही पीएलएल एकदा रीसेट करतात. सुरुवातीला एकदा करा. रेडिओचं बटण फिरवताना प्रत्येक पावलाला करत असाल तर "टक टक" आवाज येतो तो यामुळेच; लहान पावलांसाठी रीसेट लागत नाही. अपवाद फेजचा, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे ठेवायची त्याचा. दोन आउटपुटं ९० अंशांनी मागेपुढे हवी असतील तर त्यांना एकाच पीएलएलवर ठेवा, दुसऱ्याच्या फेजच्या रजिस्टरमध्ये भाजकाचाच आकडा लिहा, वरच्या उदाहरणात १६६ मध्ये १२०, आणि मग रीसेट करा. त्या रजिस्टरमधलं एक एकक म्हणजे आतल्या ऑसिलेटरच्या आवर्तनाचा पाव भाग. १२० आवर्तनांचा पाव भाग म्हणजे असे १२० पाव. रजिस्टर १२७ पर्यंतच जातं, म्हणून ही युक्ती साधारण ४.७६ मेगाहर्ट्झच्या खाली चालत नाही. ८० मीटरवर (३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) ती का बसत नाही म्हणून रात्र घालवू नका.

आणि तीन आउटपुटं, पीएलएल दोनच. तिसऱ्याला कुणाच्या तरी घरात राहावं लागतं. सतत बदलणाऱ्या आउटपुटाला एक पीएलएल पूर्ण द्या, स्थिर राहणाऱ्या दोघांना दुसरा.

शे-दोनशे हर्ट्झची चूक

७.१ मेगाहर्ट्झवर दशलक्षात ३० ची चूक म्हणजे २१३ हर्ट्झ. स्वस्त क्रिस्टलला हे साहजिक आहे. आधी रजिस्टर १८३ बघा: ६ पिकोफॅरडला ८२, ८ ला १४६, १० ला २१०. क्रिस्टलला कोणतं लागतं ते माहीत नसेल तर १० ठेवा. मग मोड्यूल वीसेक मिनिटं तापू द्या, भरवशाच्या काउंटरशी ताडा आणि उरलेला फरक प्रोग्राममधल्या दुरुस्तीच्या आकड्यात टाका.

आठवी: चालता चालता गप्प होणं

सांगलीकडच्या एका मित्राचा ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा) छोटा ट्रान्समीटर. संध्याकाळभर नीट, आणि मग मोर्सची की एकदा जास्त वेळ दाबली की आउटपुट गायब. डिस्प्ले चालू, वारंवारता दिसतेय, बटण फिरतंय, फक्त सिग्नल नाही. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक. दोनदा चिप बदलून झाली होती.

ही चिप आपण दिलेले आकडे वीज असेपर्यंतच धरून ठेवते. की दाबल्यावर फायनल ट्रान्झिस्टरने ओढलेल्या करंटमुळे ३.३ व्होल्ट क्षणभर बसायचे. तेवढ्यात चिप सगळं विसरायची. अर्डुइनो मात्र ५ व्होल्टच्या वेगळ्या वाटेवर, त्याला झळ नाही. त्याच्या समजुतीने चिपला सांगून झालेलं होतं. दोघांचा संवाद तिथेच तुटायचा.

इलाज दोन केले. मोड्यूलच्या विजेला स्वतंत्र रेग्युलेटर, त्याच्या तोंडाशी १०० मायक्रोफॅरड आणि चिपच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरड. शिवाय प्रोग्राममध्ये दर सेकंदाला रजिस्टर ४५ वाचायचं. आपण लिहिलेला आकडा तिथे नसेल तर सगळी रजिस्टरं पुन्हा लिहायची. नुसता दुसरा इलाज करू नका, तो दुखणं झाकतो. पण दोन्ही हवेत.

नववी: क्रिस्टल

क्रिस्टलच्या पायांवर स्कोपचा प्रोब लावू नका. प्रोबची स्वतःची धारिता दहा-पंधरा पिकोफॅरड असते, क्रिस्टलला लागते तेवढीच. चालू असलेला क्रिस्टलही तेवढ्याने बंद पडू शकतो आणि तुम्ही चांगला क्रिस्टल काढून टाकता. त्याऐवजी रजिस्टर १८७ मध्ये २०८ आणि १६ मध्ये ३ लिहा. क्रिस्टलचा सिग्नल पीएलएल आणि भाजक टाळून थेट पहिल्या आउटपुटावर येतो. तिथे २५ मेगाहर्ट्झ दिसले तर क्रिस्टल, वीज आणि ड्रायव्हर तिन्ही बरे. दोष तुमच्या आकड्यांत. दिसले नाहीत, आणि ७ नंबरच्या पायावर वीज आहे, रजिस्टर ३ बरोबर आहे, तर क्रिस्टलचे दोन्ही सांधे फ्लक्स लावून गरम करा. तरीही नाही तर क्रिस्टल बदला. मोड्यूल उंचावरून पडलेलं असेल तर शंका आधी क्रिस्टलवरच घ्या.

कुठे थांबायचं

क्रिस्टल बदलूनही चिप मुकी असेल, किंवा वीज दिल्यावर बोट टेकवत नाही इतकी तापत असेल, तर चिप गेली. तिच्या पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर आहे. हॉट एअरची सवय नसेल तर स्वतः काढू नका. मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम दहा मिनिटांत करतो, आणि नवशिक्याच्या हातून उचलले गेलेले पॅड परत बसवणं त्यालाही जड जातं. सुटं मोड्यूल असेल तर सरळ नवं घ्या, दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

कारखान्यातून आलेल्या उपकरणात, म्हणजे नेटवर्कचा स्विच, मोजणीचं यंत्र, रुग्णालयातलं काहीही, ही चिप बसवलेली असेल तर व्होल्टेज मोजण्यापलीकडे जाऊ नका. तिथली चिप बऱ्याचदा कारखान्यातच आकडे कोरून येते. बाजारातली कोरी चिप तिच्या जागी लावली तर पायाला पाय जुळतात, पण क्लॉक येत नाही. हे काम निर्मात्याच्या सर्व्हिस सेंटरचं.

ट्रान्समीटर असेल तर चौकोनी लहरीत तिसरी हार्मोनिक मूळच्या एक तृतीयांश असते; ७.१ बरोबर २१.३ मेगाहर्ट्झही बाहेर पडतात. लो-पास फिल्टर न लावता हे आउटपुट अँटेनाला जोडायचं नाही, तपासणीसाठीसुद्धा नाही. डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) वापरा. परवाना नसेल तर ट्रान्समीटरची तपासणी परवानाधारक हॅमच्या देखरेखीखालीच करा.

दुरुस्तीला कुणाकडे नेणार असाल तर बरोबर एक कागद न्या: १ आणि ७ नंबरच्या पायांवरचं व्होल्टेज, क्रिस्टलवरचा आकडा, सापडलेला पत्ता, आणि ०, ३, १६, १७, १८ या रजिस्टरांतून वाचलेले आकडे. माझ्याकडे असा कागद घेऊन आलेल्या माणसाचं मोड्यूल मी बहुधा तो बसलेला असतानाच परत दिलंय.